नेम धरता येईल अशी बंदूक

लहानपणी आमच्याकडे कॅसेटचा टीव्ही गेम होता आणि त्याच्यासोबत आलेली एक बंदूक. बदकं उडायची, आम्ही जमिनीवर बसून मारायचो. ताईचा नेम पक्का. गेल्या वर्षी जुना पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडून घरगुती आर्केड करायला घेतलं, ते ताई आणि ती बंदूक मनात ठेवूनच. जॉयस्टिक आणि बटणांची फळी दोन रविवारांत तयार झाली. बंदूक ठरवायला तीन महिने लागले.

जुनी बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही एवढं माहीत होतं. का चालत नाही, ते समजून घेतल्यावर पुढची वाट दिसली. ती बंदूक काहीच सोडत नाही, फक्त बघते. निन्टेन्डोच्या १९८४ च्या 'डक हंट'मध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक पडलं. पुढच्या काही बंदुका याहून बारकाईने बघायच्या. पिक्चर ट्यूबमधला किरण वरून खाली ओळीओळीने चित्र काढतो. तो किरण बंदुकीच्या नळीसमोर नेमका कधी आला, यावरून या बंदुका नेमाची जागा ओळखायच्या. आपल्याकडच्या जुन्या, पॅल पद्धतीच्या टीव्हीत असा किरण सेकंदाला १५,६२५ ओळी काढायचा. एलसीडीवर तसा लखलखत फिरणारा किरणच नाही, आणि चित्रही थोडं उशिरा उमटतं. मग बंदुकीने बघायचं काय, हा खरा प्रश्न.

भंगारवाल्याकडून २१ इंची जुना टीव्ही आणावा असं फार वाटलं. या खेळांना तो आजही सगळ्यात उत्तम, असं माझं मत आहे. पण वन बीएचकेत तो धूड ठेवायला जागा नव्हती.

सुरुवात मित्राकडच्या निन्टेन्डो 'वी' या गेम कन्सोलच्या रिमोटपासून केली. टीव्हीखाली इन्फ्रारेड दिव्यांची एक पट्टी, रिमोटच्या तोंडाशी कॅमेरा. जोडणी दहा मिनिटांत झाली, खेळ चालू झाला, पण मजा येईना. पडद्यावर फुलीचं चिन्ह फिरतं आणि आपण त्याच्याकडे बघत हात हलवतो. हा हवेतला माउस झाला. नळीवरच्या माशीतून बघून नेम धरावा आणि गोळी तिथेच लागावी, मला ते हवं होतं. त्यासाठी बंदुकीला पडद्याच्या चारही बाजू कळाव्या लागतात.

असे दोन मार्ग सापडले. पहिला 'सिंडेन' नावाच्या तयार बंदुकीचा. बंदुकीत साधा कॅमेरा असतो, सॉफ्टवेअर चित्राभोवती पांढरी चौकट काढतं आणि कॅमेरा ती चौकट ओळखतो. टीव्हीला काही चिकटवायला नको, हा मोठा फायदा. चौकटीची अडचणही वाटते तेवढी नाही, कारण जुने खेळ ४:३ आकाराचे असल्याने रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना जागा रिकामीच उरते. पण तेव्हा आमच्या टीव्हीसमोर मोठी खिडकी होती आणि दिवसभर काचेवर तिचं प्रतिबिंब पडायचं. कॅमेऱ्याला चौकट स्वच्छ दिसायला हवी; मला भरवसा वाटेना.

दुसरा मार्ग इन्फ्रारेडचाच, पण पडद्याच्या चारही कडांच्या मध्यावर दिवे लावायचे. गन-फोर-आयआर आणि ओपनफायर या घरी बंदूक बनवायच्या दोन्ही प्रकल्पांत हीच पद्धत वापरता येते. मी ओपनफायर घेतलं, कारण ते रास्पबेरी पाय पिको या छोट्या सर्किट बोर्डवर चालतं आणि सोल्डरिंग मला येतं. खेळण्यांच्या दुकानातून भडक नारिंगी रंगाची बंदूक आणली. रंग मुद्दाम भडक घेतला; खिडकीतून कुणाला दिसली तरी घाबरायला नको. आत पिको, तोंडाशी छोटा इन्फ्रारेड कॅमेरा, चापाला मायक्रोस्विच, म्हणजे छोटं बटण.

या कॅमेऱ्याची नजर अरुंद, आडवी ३३ अंश. ही गोष्ट विकत घेण्याआधी मोजा. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तेवढी रुंदी नजरेत मावायलाच सव्वापाच फूट मागे उभं राहावं लागतं. आमचा सोफा आठ फुटांवर आहे म्हणून निभावलं. छोट्या खोलीत मी सिंडेनकडेच वळलो असतो. दिवे लागलेत का, ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलं. डोळ्यांना न दिसणारा उजेड तिथे जांभळट दिसतो. टीव्ही गेम मोडवर ठेवला, नाहीतर चाप आणि चित्र यांत अंतर पडतं.

दुपारी नेम अगदी सुरेख लागत होता. संध्याकाळी मात्र तीच बंदूक डावीकडे उड्या मारायला लागली. वायर तपासली, सोल्डर पुन्हा केलं, दोनदा कॅलिब्रेशन केलं. तीन संध्याकाळी असंच. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "मी दिवा लावला की तुझं हे सुरू होतं बघ." तेव्हा टीव्हीच्या डावीकडे आमचं देवघर होतं. निरांजनाच्या ज्योतीतून भरपूर इन्फ्रारेड बाहेर पडतं, आणि कॅमेरा तिला पाचवा दिवा समजत होता. एलईडी बल्ब आणि ट्यूबचा असा त्रास नाही. ज्योत, पिवळा जुना बल्ब आणि ऊन यांचा आहे.

"दिवा विझवायचा नाही हं," आईने सांगून टाकलं. तसा विचारही नव्हता. टीव्ही समोरच्या भिंतीवर नेला. देवघर खेळणाऱ्याच्या पाठीमागे गेलं. त्या संध्याकाळी निरांजन शेवटपर्यंत जळत होतं आणि नेम केसभरही हलला नाही.

मग दुसरी बंदूक बांधली. जुने आर्केड खेळ पीसीवर चालवणाऱ्या 'मेम' या सॉफ्टवेअरमध्ये दोन बंदुका वेगळ्या ओळखायला 'मल्टीमाउस' चालू करावं लागतं, आणि पडद्याबाहेर चाप ओढून गोळ्या भरायच्या तर 'ऑफस्क्रीन रीलोड'. आर्केडसारखा धक्का देणारा सोलेनॉइड मात्र बसवला नाही, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आहे.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झालं, ताट तिने टीव्हीखालच्या कपाटावर ठेवलं आणि बंदूक हातात घेतली. पडद्याच्या कोपऱ्यावर नेम धरून बघितला, थांबली, बंदूक खाली ठेवली.

"आई सांगत होती ते हेच ना रे?" म्हणाली आणि ताट उचलून आत घेऊन गेली.