टिळक आळी ते थिबा राजवाडा

रत्नागिरीला जाणार असाल तर सोमवार टाळा. थिबा राजवाड्यातलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. हे मला फाटकाशी पोहोचल्यावर कळलं आणि मुक्काम एक दिवस वाढवावा लागला. वाढला ते बरंच झालं, नाहीतर मालगुंड राहूनच गेलं असतं.

रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षावाल्याला 'टिळक आळी' एवढं सांगितलं की पुरतं. २३ जुलै १८५६ ला लोकमान्यांचा जन्म झाला ते घर उतरत्या कौलांचं, साधं, कोकणातल्या कुठल्याही जुन्या घरासारखं आहे. सकाळी लवकर जा, तेव्हा निवांत बघता येतं. मी पडवीत बसले होते, तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आल्या.

"आजी, टिळक इथेच मोठे झाले?"

"दहा वर्षांचे होईपर्यंत. मग वडिलांची बदली झाली पुण्याला."

मुलगाही तेवढाच असेल. तो खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि डोक्यावर हात ठेवून आपली उंची बघू लागला. पुतळ्यातले टिळक मी पुष्कळ पाहिलेत, पण या घरात वावरणारा दहा वर्षांचा बाळ मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

तिथून थेट राजवाड्यावर जा, मध्ये दुसरं काही घेऊ नका. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. त्या वेळी टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं. 'गीतारहस्य' तिथेच लिहिलं गेलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, रत्नागिरीचा माणूस मंडालेत! वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडकीशी उभी असताना हे आठवलं आणि पाय निघेना. थिबा सुटला नाही. १९१६ मध्ये इथेच गेला. संध्याकाळी जवळच्या थिबा पॉइंटवर थांबा, भाट्याची खाडी छान दिसते.

पतितपावन मंदिराला लोक सावरकरांसाठी येतात, आणि ते रास्तच आहे. पण १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुलं असलेलं हे मंदिर स्वतःच्या पैशानं बांधलं ते भागोजीशेठ कीर यांनी. तेही रत्नागिरीचेच. गरिबीतून मुंबईला गेले, बांधकामाच्या धंद्यात नाव कमावलं आणि मिळवलेलं सढळ हातानं वाटलं. गावात जन्मलेल्या मोठ्या माणसांची नावं घेताना त्यांचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांचा जन्मही इथलाच, १९१३ चा.

मालगुंड गणपतीपुळ्याला लागूनच आहे. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं गेलात तर प्रवासाचाच आनंद मिळतो. केशवसुत १८६६ मध्ये इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेल्या स्मारकात त्यांच्यानंतरच्या कवींच्या कविताही लावल्या आहेत. त्या उभ्यानं चाळू नका, निदान दोन तास हाताशी ठेवा. एसटीनं गेलात तर उतरतानाच कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या, म्हणजे वाचताना घड्याळाकडे बघावं लागणार नाही.