तुम्ही विचारलंत म्हणून: सरकार तर लोकांनीच निवडलंय ना?

राज्यशास्त्र शिकवायचो म्हणून असेल, पण लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न मला गाठतो: लोकांनी निवडलेल्या सरकारनं विद्यापीठांना जरा शिस्त लावली तर लोकशाहीचं काय बिघडलं?

मी उत्तर हंगेरीतून देतो. आपल्याकडचं उदाहरण घेतलं की ऐकणारा आधी माझा पक्ष कोणता ते शोधायला लागतो.

बुडापेस्टमध्ये सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी होती, तिची नोंदणी मात्र अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली. एप्रिल २०१७मध्ये तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारनं घाईघाईनं कायदा बदलला. परदेशी नोंदणीच्या विद्यापीठानं मूळ देशातही वर्ग चालवावेत, शिवाय दोन सरकारांत करार हवा. कायदा म्हणायला सगळ्यांसाठी, रोख मात्र कुणावर आहे ते शहराला कळलं होतं. हजारो माणसं रस्त्यावर आली. विद्यापीठानं न्यूयॉर्क राज्यात अभ्यासक्रमही सुरू केले. सरकारनं करारावर सही केलीच नाही. सरकारला एवढं पुरेसं होतं. २०१९मध्ये विद्यापीठ ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला गेलं. हा कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचा निकाल युरोपीय न्यायालयानं दिला ऑक्टोबर २०२०मध्ये, तोवर वर्ग व्हिएन्नात भरत होते. पुढे बहुतेक सरकारी विद्यापीठं न्यासांच्या ताब्यात गेली आणि काही न्यासांवर चक्क मंत्री बसले.

आता मतदाराकडे या. चार-पाच वर्षांनी तो सरकारला जोखतो, ते कशाच्या आधारावर? महागाई, नदीचं पाणी, शाळांची अवस्था याबद्दलचे सरकारी आकडे चुकलेत, हे पगाराची चिंता न करता सांगणारं कुणीतरी लागतं. पत्रकार सांगतील, पण त्यांनाही विचारायला अभ्यासकच लागतो.

‘मग कामचुकार प्राध्यापकांचं काय?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. पिवळ्या पडलेल्या नोट्सवर निवृत्तीपर्यंत निभावणारे मीही पाहिलेत. वर्गावर येता का, पेपर वेळेत तपासता का, हे त्यांना खुशाल विचारा. संशोधनाचा निष्कर्ष बरोबर की चूक, ते मात्र त्या विषयातल्या लोकांना ठरवू द्या.

आणि खरं सांगू, महाराष्ट्रात प्राध्यापकाला गप्प करायला कायदा बदलायचीही गरज नाही. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासांच्या हिशेबानं मानधन मिळणाऱ्या प्राध्यापकाची नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी नव्यानं निघते. ती संस्थाचालकांच्या मर्जीवर असते आणि सुट्टीचे महिने बिनपगारी जातात. असा माणूस वर्गात धोरणावर बोलायचं टाळत असेल, तर त्याला भित्रा म्हणायला मी तरी धजत नाही. घरभाडं त्यालाही चुकत नाही.