चार मीटर, पण एकसलग!

"मॅडम, चार मीटर पूर्ण आहे. हवं तर पुन्हा मोजून देतो." दुकानदार हे मला तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा त्याचं खरंच होतं. तरी माझी रजई अडली ती त्याच चार मीटरवर.

शाळेत आरशाच्या तीन पट्ट्या आणि बांगड्यांच्या काचा घेऊन शोभादर्शक केला असेल, तर ही रजई लगेच कळेल. मोठ्या नक्षीचं एकच कापड घ्यायचं. तीच नक्षी पुन्हा जिथून सुरू होते तिथे तिथे कापून सहा सारखे तुकडे करायचे. ते एकावर एक असे रचायचे की पोपटाच्या डोळ्यावर पोपटाचा डोळा येईल. मग सहाही थरांतून एकदम समभुज त्रिकोण कापायचे. एका थप्पीतले सहा त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की एक षटकोन. कापड एकच, पण कुठल्याच षटकोनात ते ओळखू येत नाही.

सासूबाई बघत होत्या. "अगं, चांगलं नवं कापड फाडायचं आणि परत जोडत बसायचं? आम्ही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या." यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

पहिलं कापड मी हौसेने ठशांच्या छपाईचं घेतलं होतं. ते वाया गेलं म्हणणार नाही, त्याचे दोन कुर्ते झाले. पण हाताने उठवलेला ठसा दर वेळी केसभर सरकतो, आणि सहा थरांत ते केसभर चांगलं बोटभर होतं. म्हणून या कामाला यंत्रावर छापलेलंच कापड घ्या.

आता मुख्य रडगाणं. यंत्रावरच्या छपाईत नक्षी एका फिरत्या नळकांड्यावरून उतरते. त्याचा घेर बहुतेक वेळा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून नक्षी ६४ वर तरी पुन्हा येते, नाहीतर ३२ वर. मी पर्समधली टेप काढून दुकानातच मोजलं. पोपटाच्या डोळ्यापासून त्याच पोपटाच्या डोळ्यापर्यंत बरोबर ६४. सहा वेळा ६४ म्हणजे ३ मीटर ८४. चार मीटर सांगितलं आणि पैसे द्यायला गल्ल्याकडे वळले. तेवढ्यात ताग्यातलं कापड संपलं. पोऱ्याने दुसऱ्या ताग्यातून उरलेलं कापलं, दोन्हींची एकच घडी केली आणि पिशवीत घातली.

घरी घडी उलगडली तर एक तुकडा २.४० चा, दुसरा १.६० चा. बेरीज चारच. पण २.४० मध्ये पूर्ण नक्षी तीनदाच बसते, ४८ सेंटिमीटर उरतात. १.६० मध्ये दोनदा बसते, ३२ उरतात. तीन आणि दोन, पाच. सहावा थरच नाही! पाच त्रिकोणांचा षटकोन कसा करायचा?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. "मॅडम, चार मीटर पूर्ण आहे." मी काउंटरवर कापड पसरून पोपट मोजून दाखवले. त्याने शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, ड्रेसच शिवायचाय ना? जोड आत घ्या." मंगळवारी नवा लॉट येणार होता, म्हणून मंगळवारी पुन्हा गेले. नक्षी तीच, हिरवा मात्र गडद. सहातली एक पाकळी काळपट दिसली असती, किडक्या दातासारखी. पुन्हा तेच वाक्य ऐकून परत आले.

चार दिवस कापड कपाटात पडून होतं. मग एका रात्री झोप येईना तेव्हा डोक्यात आलं की पूर्ण ६४ हवंच कशाला? पोपटाचा थोडा भाग सोडू, खालची वेल सोडू, प्रत्येक नक्षीतला फक्त ४८ चा भाग धरू. पहिल्या तुकड्यात तो भाग चारदा मिळतो, कारण उरलेले ४८ आता वाया जात नाहीत. दुसऱ्यात दोनदा. चार आणि दोन, सहा! रात्री एक वाजता दिवा लावून टेपने ताडून पाहिलं. मिस्टर उठून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "मिळाला सहावा."

किंमत मात्र मोजावी लागली. त्रिकोणांसाठी सहा थरांतून आधी पट्ट्या कापायच्या असतात. पावणेचार इंचाची पट्टी आणि ४४ इंचांचा पन्हा धरला तर एका पट्टीत १८ थप्प्या निघतात. सहा पट्ट्यांचे १०८ षटकोन होऊन पलंगावरची रजई व्हायची, तिथे पाचवी पट्टी कडा सरळ करण्यात गेली आणि चार पट्ट्यांचे ७२ झाले. म्हणजे सोफ्यावर पाय झाकण्यापुरती.

तेव्हा दुकानात "चार मीटर" म्हणू नका, "चार मीटर एकसलग" म्हणा आणि कापताना समोर उभ्या राहा. ३२ ची नक्षी मिळाली तर दोन मीटरमध्येच ५४ षटकोन निघतात. मला हे आधी सुचलं असतं तर!

नक्षी मोठी, वळणदार, गडद-फिकट दोन्ही असलेली हवी. बारीक बुट्टीचे सगळे षटकोन सारखेच दिसतात. मोकळी पांढरी जमीन फार असेल तर मधोमध भोकं पडल्यासारखी वाटतात. दोन आरसे ६० अंशांत धरून कापड पारखा असं सगळे सांगतात, पण आरसा एक आड एक प्रतिमा उलटी करतो. आरशात पोपट समोरासमोर येतात, रजईत सगळे एकाच दिशेने भुईचक्रासारखे फिरतात. आरशावरून रंग पारखा, आकार नको.

सोबतचं प्लेन कापड मी आधी हिरवं आणलं, कारण नक्षीत हिरवा जास्त होता. षटकोन त्यात बुडाले. मग नक्षीत जेमतेम दिसणारा चोचीचा मोहरी रंग घेतला आणि सगळं उठून दिसलं. प्लेनही नक्षीच्या कापडासारखं केंब्रिकच, म्हणजे घट्ट विणीचं सुती, घ्या. रुबिया पातळ पडतो, शिवणीपाशी ओढला जातो. मागे मांजरपाट लावलं तरी चालतं.

कापणं-शिवणं सोपं गेलं. फक्त शिवण्याआधी प्रत्येक थप्पीचे तिन्ही कोपरे आळीपाळीने मध्ये आणून बघा, एकाच थप्पीतून तीन वेगळे षटकोन दिसतात. आणि हो, थप्पीला टाचणी लावूनच ठेवा. माझ्या एका थप्पीतला त्रिकोण हरवला तो दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली सापडला. तोवर रजई शिवून झाली होती, ७१ षटकोनांची.