जुन्या सीड्या, आठवडा तिसरा: बिन-क्यू चं कोडं सुटलं

मंडळी, या आठवड्यात एकच सीडी झाली पण ती झाली याचा आनंद खूप आहे. ताईच्या लहानपणची बालगीतं अन् चित्रांच्या खेळांची सीडी, मूळ चकती कधीच फुटली, दाजींनी तेव्हा काढून ठेवलेली बिन (चकतीची जशीच्या तशी प्रत) आणि क्यू (तिच्यातल्या ट्रॅकची यादी) अशा दोन फाईली तेवढ्या जुन्या हार्डडिस्कवर सापडल्या.

पहिल्यांदा मी बिनचं नाव बदलून आयएसओ (डेटा सीडीच्या प्रतीचा नेहमीचा प्रकार) केलं आणि उबुंटू लिनक्सवर लूप माउंट मारला, म्हणजे फाईलच चकती असल्यासारखी उघडायला गेलो, तर फाईलसिस्टिमच ओळखता येईना. कारण नंतर लक्षात आलं. आयएसओ मध्ये दर सेक्टरला (सेक्टर म्हणजे चकतीवरचा एक छोटा ठरावीक तुकडा) २०४८ बाइट्स नुसता डेटा असतो, पण बिन मध्ये बहुतेक वेळा अख्खा कच्चा सेक्टर असतो, २३५२ बाइट्सचा, म्हणजे पुढे १२ बाइट्स सिंकचे (सेक्टर कुठे सुरू होतो ते ओळखायची खूण), ४ हेडरचे, मग डेटा आणि शेवटी २८८ बाइट्स चूक पकडायला अन् दुरुस्त करायला. हेक्स एडिटर (फाईलमधले बाइट्स आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) मध्ये उघडलं तर सुरुवातीलाच ००, मग दहा वेळा एफएफ, मग परत ००. हे दिसलं की समजायचं फाईल कच्ची आहे, नाव बदलून काही होणार नाही.

मग बीचंक (बिन-क्यू मधून आयएसओ काढणारा छोटा प्रोग्राम) लावलं, दोन मिनिटांत आयएसओ तयार, माउंट झाली, चित्रं दिसली. पण आकडा खटकला. बिन ५५९ एमबीची आणि आयएसओ फक्त २१० ची! कच्च्या सेक्टरचा जादा भाग धरला तरी २१० चे २४१ होतात, मग उरलेले ३१८ एमबी गेले कुठे? क्यू फाईल नोटपॅडसारख्या एडिटर मध्ये उघडली, ती साधी टेक्स्टच असते, आणि उत्तर तिथेच होतं: ट्रॅक ०१ मोड१/२३५२, म्हणजे कच्च्या सेक्टरांचा डेटा, आणि ०२ पासून १३ पर्यंत सगळे ऑडिओ. बारा गाणी! सेकंदाला ७५ सेक्टर, ३१८ एमबी म्हणजे बरोबर अर्धा तास. आयएसओ मध्ये ऑडिओ ट्रॅकला जागाच नसते, म्हणून मी बिन उडवून आयएसओ ठेवली असती तर ताईची गाणी कायमची गेली असती. म्हणून कळकळीने सांगतो, आयएसओ वापरायला करा, पण मूळ इमेज, म्हणजे बिन-क्यू ची प्रत, डिलीट करू नका.

आता पूर्ण चकतीसारखी चढवायची म्हणून सीडीईम्यू (फाईलला आभासी सीडी ड्राइव्ह मध्ये घालणारा प्रोग्राम) टाकलं, ते एमडीएस, एनआरजी, सीसीडी हे सीडीच्या प्रतीचे दुसरे प्रकार पण घेतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी संगणकाची सोय) चालू असेल तर सीडीईम्यूचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा भाग, साइन करावं लागतं, त्यात माझी एक संध्याकाळ गेली. नंतरही लोड होईना, कारण क्यू मध्ये बिनचं नाव मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आणि डिस्कवर फाईल छोट्या अक्षरांत, विंडोजला चालतं, लिनक्सला नाही. क्यू मधली ती एक ओळ दुरुस्त केली आणि आभासी ड्राइव्ह मध्ये तेरा ट्रॅक दिसले. ताईला फोनवर पहिलं गाणं ऐकवलं, ती दुसरी ओळ माझ्याआधी म्हणाली.

बीचंकला डब्ल्यू चा पर्याय दिला की गाणी वेव्ह फाईल म्हणून वेगळी निघतात, ती पण काढून ठेवली.

एनआरजी वाल्यांसाठी एक, सिंगल डेटा ट्रॅकची जुनी एनआरजी असेल तर लूप माउंटला ३०७२०० बाइट्सचा ऑफसेट देऊन, म्हणजे सुरुवातीचा तेवढा भाग सोडून, बघा, सुरुवातीचे १५० सेक्टर गुणिले २०४८. माझ्या दोन फाईली अशाच थेट उघडल्या, कन्व्हर्ट करायची गरजच पडली नाही.

पुढच्या आठवड्यात एक ओरखडे पडलेली डेटा सीडी आहे, तिच्यावर डीडीरेस्क्यू (खराब चकतीवरून वाचेल तेवढं उतरवणारा प्रोग्राम) मॅप फाईल सकट, म्हणजे काय वाचलं अन् काय राहिलं त्याच्या नोंदीसकट, लावणार, पहिल्या फेरीत खराब जागा सोडून वाचायचं अन् मग तेवढ्याच जागांवर तीन वेळा परत प्रयत्न. ड्राइव्ह मात्र दुसरा आणलाय, जुना लेन्स पुसूनही अडखळत होता.