२ जीबी रॅमच्या छोट्या लॅपटॉपवर काय टाकायचं?

आजचा दिवस ११ इंची लॅपटॉपवर गेला: अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (म्हणजे हार्ड डिस्कऐवजी असलेली साठवणुकीची चिप). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, म्हणजे तो विषयच मिटला. उरतं ते लिनक्स, ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम.

पण खरी गोम वेगळीच आहे. प्रोसेसर ६४ बिट, पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) ३२ बिट! त्यामुळे बऱ्याच लिनक्सचा पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही आणि लोक बिचाऱ्या पेनड्राइव्हलाच खराब ठरवतात. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासूनच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये ३२ बिट यूईएफआयसाठीचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) असतो, त्यामुळे तो सरळ चालू होतो. वायफाय चालायला लागणारं फर्मवेअरही बहुतेक वेळा त्यातच मिळतं.

डेस्कटॉप म्हणून हलकं एलएक्सक्यूटी घ्या, नोम हा जड डेस्कटॉप इथे झेपत नाही. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून रॅममध्येच ठेवण्याची सोय) नक्की लावा. ईएमएमसीवरच्या स्वॅपवर (रॅम भरली की वापरायच्या जागेवर) भिस्त ठेवली तर ब्राउझरचे चार टॅब उघडताच मशीन अडकतं, शिवाय सततच्या लिखाणाने चिप झिजते आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याने सहज बदलता येत नाही. या प्रोसेसरवर आवाज मात्र बऱ्याचदा रुसतो. तेव्हा साधं यूएसबी साउंड कार्ड लावून मोकळं व्हावं.