तुम्ही विचारलंत म्हणून: तो पिवळ्या पोटाचा पक्षी शिंजीर का नाही

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरचे फोटो दाखवले की हा प्रश्न ठरलेला. काळी पाठ, डोळ्यावरून पांढरी पट्टी, पोट पिवळंधमक, चोच बारीक नि खाली वाकलेली, आणि पठ्ठ्या फुलाला लटकून मध पितोय. "हा तर तिकडचा शिंजीरच ना?" (शिंजीर म्हणजे आपल्याकडचा फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, सनबर्ड.) एका मैत्रिणीने तर फोटो झूम करून चोच दाखवली आणि म्हणाली आता सांग, नाही कसा!

तर नाही. तो बनानाक्विट. शिंजीर आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे, अमेरिका खंडात एकही शिंजीर नाही, आणि बनानाक्विट फक्त मेक्सिको, कॅरिबियन बेटं ते दक्षिण अमेरिका एवढ्याच भागातला. पण असं वाटणं अजिबात चुकीचं नाही, प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या खुद्द लिनियसला तेच वाटलं होतं. १७५८ साली त्याने याला नाव दिलं सर्थिया फ्लॅविओला, आणि १७६६ मध्ये आपल्या पंचरंगी शिंजीरला (पर्पल-रम्प्ड सनबर्ड) दिलं सर्थिया झेलोनिका. म्हणजे दोघं एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट), तेही कोणाबरोबर, तर युरोपात झाडाच्या खोडावर सरपटत किडे वेचणाऱ्या तपकिरी ट्रीक्रीपरबरोबर! का, तर तिघांचीही चोच बारीक आणि वाकडी. लिनियस उष्ण कटिबंधात कधी गेलाच नाही, त्याच्यासमोर होती वाळवलेली कातडी, चित्रं आणि दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णनं, त्यात चोच सगळ्यात आधी दिसणार हे उघड आहे.

पुढे १८०९ मध्ये व्हिएयो या फ्रेंच अभ्यासकाने याच्यासाठी वेगळी प्रजाती केली, कोएरेबा. हा शब्द लॅटिन नाही ग्रीकही नाही, ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतला आहे, एका रंगीत छोट्या पक्ष्याचं नाव, जे मार्कग्राफ या जर्मन निसर्ग अभ्यासकाने १६४८ च्या पुस्तकात नोंदवून ठेवलं होतं. मला हे फार आवडतं. फ्लॅविओला म्हणजे पिवळसर, ते मात्र लॅटिन, आणि ते १७५८ पासून आजपर्यंत हललेलं नाही. नियमच तसा आहे, प्रजाती बदलली तरी जातीचं (स्पीशीजचं) नाव पक्ष्याबरोबर जातं. म्हणून आज लिहितात कोएरेबा फ्लॅविओला (लिनियस, १७५८). तो कंस उगाच नसतो बरं का, कंस असला की समजायचं मूळ नाव देणाऱ्याने पक्षी दुसऱ्याच प्रजातीत ठेवला होता.

नाव टिकलं, पण कुळाचे मात्र हाल झाले. आधी मध पिणाऱ्या अमेरिकेतल्या सगळ्या चिमुकल्यांचं एक कुळ केलं, कोएरेबिडी, त्यात हनीक्रीपर वगैरे सगळे. मग लक्षात आलं की मध प्यायची सवय वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळी आलेली आहे, आणि ते कुळ मोडलं. कोणी बनानाक्विटला तिकडच्या वॉर्ब्लरांत टाकलं, कोणी टॅनेजरांत (अमेरिकेतल्या पक्ष्यांचं एक मोठं कुळ), कोणी एकट्याचंच कुळ ठेवलं, आणि काही याद्यांत तर बरीच वर्षं त्याच्यापुढे इन्सर्टी सेडिस असंच लिहिलेलं असायचं, म्हणजे जागा नक्की नाही. लोक यावर वैतागतात, पुस्तक बदललं की कुळ बदलतं म्हणून. मला उलट ते बरं वाटतं, माहीत नसताना कुठेतरी कोंबण्यापेक्षा तसं लिहिलेलं चांगलं.

मग डीएनए तपासला आणि जे निघालं ते वाचून मी खरंच उठून उभी राहिले होते. बनानाक्विटचे जवळचे नातेवाईक म्हणजे गॅलापागोस बेटांवरचे डार्विनचे फिंच! ते बिया फोडणारे, जाडजूड चोचीचे! आणि कॅरिबियनमधले बुलफिंच, ग्रासक्विट हेही त्यातच. सगळे टॅनेजर कुळातले. २००२ मध्ये या गटाला एक नाव सुचवलं गेलं, थोलोस्पायझा, म्हणजे घुमटवाले फिंच, कारण हे सगळे वरून झाकलेलं, घुमटासारखं घरटं बांधतात. चोच काय खाता येईल त्याप्रमाणे लवकर बदलते, घरट्याची पद्धत तितकी नाही. अर्थात नुसत्या घरट्यावरूनही ठरवता आलं नसतं, कारण शिंजीरचं घरटंसुद्धा बंदच असतं, तेव्हा डीएनए लागलाच. (जाता जाता, मध पितानाचा फरक बघा, बनानाक्विट खूपदा फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध काढून घेतो, परागकणांना हातही न लावता. शिंजीरही कधीकधी करतो हे, त्यामुळे ही खूण पक्की नाही.)

आता जात एक की अनेक, हा पुढचा वाद. चाळीसेक उपजाती मानतात. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा बेटांवर तर जवळपास पूर्ण काळे बनानाक्विट आहेत, बघून कोणीही शपथेवर वेगळा पक्षी म्हणेल, पण तो रंग एमसी१आर नावाच्या एका जीनमधल्या एका बदलाने येतो, जात तीच. उलट बहामातला पांढऱ्या गळ्याचा, जो दिसायला इतका काही वेगळा नाही, त्याला स्वतंत्र जात करा असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

माझ्याकडचे फोटो परवा सगळे परत बघितले. प्रत्येकात चोच फुलात नाहीतर साखरपाण्याच्या भांड्यात. घरट्याचा एकही नाही, व्हरांड्यापासून हाताच्या अंतरावर एक होतं, गवताचा गोळा, बाजूला भोक, आणि मी त्याच्याकडे पाठ करून फुलं बघत उभी होते.