‘पंधरा-वीस फूट तर जावचा आसा!’

मालवणचा माझा मावसभाऊ दर दिवाळीनंतर फोन करतो. “ये गो, स्कुबा करूया. पंधरा-वीस फूट तर जावचा आसा, काय एक होवचा नाय!” यंदा त्याला नीट उत्तर देता आलं.

मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमो झाली, पेट स्कॅन स्वच्छ आला. ऑन्कोलॉजिस्ट म्हणाले, “आता सगळं करा.” त्यांच्या मनात ट्रेकिंग, फार तर पोहणं असणार. स्कुबा म्हटल्यावर थबकले आणि डायव्हिंगचं मेडिकल करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

बाईंनी कॅन्सरबद्दल फार विचारलंच नाही. केमोचा चार्ट मागितला आणि त्यातल्या ‘बी’वर बोट ठेवलं. ब्लिओमायसिन. हे औषध फुप्फुसांवर व्रण ठेवून जाऊ शकतं. ‘ए’ म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, ते हृदयाला त्रासदायक, म्हणून टू-डी इको आणि ट्रेडमिल. ‘व्ही’मुळे, म्हणजे विनब्लास्टिनमुळे, माझ्या बोटांना अजून मुंग्या येतात. डायव्हनंतर येणाऱ्या मुंग्या डीकम्प्रेशनच्याही (वर येताना दाब कमी होऊन अंगात वायूचे बुडबुडे होतात, तो आजार) असू शकतात, त्यामुळे जुन्या कोणत्या याची आधीच लेखी नोंद हवी. हे मला कधी सुचलं नसतं.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणं, झकास आली. मग डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो याची तपासणी. नाकाला चिमटा, किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एका दमात आत ओढायची आणि दहाएक सेकंद रोखायची. समोर टेक्निशियन “धरा, धरा, धरा… सोडा!” असा कबड्डीच्या कोचसारखा ओरडत होता. आकडा आला अपेक्षेच्या 67 टक्के. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक रेघा.

उथळ पाण्याचा मुद्दा मी काढलाच. बाईंनी कागदावर दोन आकडे लिहिले. पृष्ठभागावर दाब 1 वातावरण, दहा मीटर खोलीवर 2. म्हणजे दहा मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होऊ पाहते. वीस मीटरवरून दहावर येताना मात्र दीडपटच. दर मीटरमागे सगळ्यात मोठा बदल वरच्याच पाण्यात! निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो, हवा निघून जाते. व्रणाच्या मागे हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला मालवणचे पंधरा-वीस फूटही पुरतात.

दुसरी भानगड ऑक्सिजनची. दहा मीटरवर साधी हवा घेतली तरी फुप्फुसांना ऑक्सिजन मिळतो तो जमिनीवर 42 टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतका, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. ब्लिओमायसिननंतर जादा ऑक्सिजन कितपत बाधतो, किती वर्षांनी चालतो, यावर डॉक्टरांतच एकमत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेल्यांना काही जण परवानगी देतात. पण डीकम्प्रेशन झालंच तर उपचार काय? चेंबरमध्ये दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन. ज्याची भीती, तेच औषध. इथे मी वाद घालणं सोडलं.

निकाल : स्कुबा नाही, ट्राय डाइव्ह, म्हणजे नवशिक्यांची उथळ पाण्यातली एखादी डुबकी, तीही नाही. पाण्यावर तरंगत स्नॉर्केलिंग चालेल, टाकीतली दाबाची हवा नको. वर्षभराने डीएलसीओ पुन्हा.

तुमची केमो झाली असेल तर डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. औषधांची नावं आणि एकूण डोस असलेला चार्ट मागून घ्या. मी तर एका चिठ्ठीवर ‘ब्लिओमायसिन घेतलेलं आहे’ असं लिहून पर्समध्ये आधार कार्डामागे ठेवलंय. उद्या कसलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते आधी सांगावं लागतं, कारण तिथेही जादा ऑक्सिजनचा प्रश्न येतो.